ओठांच्या पुढे पळालेला आवाज

१

मेलेला माणूस पडद्यावर बोलत होता आणि त्याचा आवाज त्याच्या ओठांच्या पुढे पळत होता.

ओठ मिटलेले असताना शब्द ऐकू यायचे आणि शब्द संपून गेल्यावर ओठ हलू लागायचे. एखाद्या पोरखेळासारखं ते दिसत होतं आणि म्हणूनच बघवत नव्हतं. दिग्दर्शिकेने बटण दाबून चित्र थांबवलं. म्हातारा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला.

"बघितलंत ना, सर? संध्याकाळी हॉल भरणार आहे. चौकशी पुन्हा उघडायची की नाही हे ज्यांच्या हातात आहे, ते पहिल्या रांगेत बसणार. आणि माझा एकुलता एक साक्षीदार असा बोलतोय. लोक हसतील हो!"

सर पडद्याकडे आणखी वाकले. त्यांना बोलायला वेळ लागत असे. हयातभर त्यांनी मुलांना चित्रफितींचं संकलन शिकवलं, पण आपल्याला फार काही येतं असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर पुस्तकांत तोंड खुपसून बसावं एवढीच त्यांची इच्छा होती. तरीही कुणाचा संकलनाचा प्रोग्राम रुसला, चित्र अडकलं, फाइल हरवली की लोक त्यांना बोलावत, आणि नाही म्हणायची भीड वाटून ते जात.

आज मात्र ते आनंदाने आले होते, कारण बोलावणं मुंगीचं होतं.

मुंगी ही त्यांची विद्यार्थिनी. वर्गात ती जे मिळेल ते साठवून ठेवायची, म्हणून पोरांनी हे नाव पाडलं आणि पुढे तेच चिकटलं. सरांना मूलबाळ नव्हतं. मुंगीच्या पहिल्या कामाची बातमी त्यांनी शेजाऱ्यांना दारोदार जाऊन सांगितली होती. आता ती या फिल्मची संकलक होती आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी होती.

"मी प्रोग्रामच्या तात्पुरत्या फाइलींची कॅश साफ केली, सर. प्रोग्राम पुन्हा टाकला. काहीच फरक नाही," ती म्हणाली. "फोनचं चित्रण आहे. तुम्ही शिकवलेलाच आजार दिसतोय."

"दिसतोय खरा," सर म्हणाले.

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक बाई बसली होती. मेलेल्या वॉचमनची बायको. इतका वेळ ती पडद्यावरच्या थिजलेल्या तोंडाकडे बघत होती. आता ती हळूच म्हणाली, "आवाज ह्यांचाच आहे. पण बोलणं पुरं नाही."

२

प्रकरण असं होतं. कापडगिरणीला आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं. आतली माणसं त्या दाराशी सापडली. दारावर हा वॉचमन होता. किल्ली त्याच्याकडे असायला हवी होती, म्हणून सगळा दोष त्याच्यावर आला. तो शिक्षा भोगून परत आला, पण गल्लीतली माणसं त्याला बघून रस्ता बदलत राहिली.

दिग्दर्शिकेने त्याला बोलतं करायचं ठरवलं. कॅमेरा, दिवे, माणसं बघून तो गप्पच झाला. तेव्हा तिने आपला फोन फळीवर डब्याला टेकून ठेवला आणि सगळ्यांना घेऊन बाहेर गेली. आत फक्त नवरा-बायको. तो बोलला. त्याच आठवड्यात तो गेला.

"तुम्ही ऐकलं नव्हतं का आधी?" सरांनी दिग्दर्शिकेला विचारलं.

"नाही. ते गेल्यावर त्यांना असं जिवंत बघायची माझी छाती होईना. मुंगीच म्हणाली, ताई, मी कापून तयार करते, मगच बघा."

सरांनी चष्मा पुसला आणि वॉचमनच्या बायकोकडे वळले. "पुरं नाही म्हणजे काय हो, बाई?"

"ते किल्लीबद्दल बोलले होते. किल्ली ह्यांच्याकडे नव्हती, कुणीतरी नेली होती. मी समोर बसले होते की!"

"कुणी नेली?"

"ते नाही आठवत." तिने पदराचं टोक मुठीत घेतलं. "त्यांना धाप लागत होती. माझं सगळं लक्ष त्यांच्या श्वासाकडे."

दिग्दर्शिकेने सरांना नजरेनेच सांगितलं: ही काय म्हणते याला कोण विचारणार? बायको नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार. जे काही असेल, ते त्या माणसाच्या तोंडून यायला हवं होतं.

जे ऐकू येत होतं ते भयंकर होतं. वॉचमन म्हणत होता, "दाराला कुलूप होतं. आत माणसं होती. मी तिथेच उभा राहिलो."

बस्स, दाराबद्दल एवढंच. ज्या साक्षीने त्याचं नाव धुऊन निघायचं, तिनेच ते पुन्हा काळं होत होतं.

"मला जरा एकटं बसू द्या," सर म्हणाले.

३

त्यांनी आधी साधी गोष्ट केली. तीच फाइल संकलनाच्या प्रोग्रामबाहेर, गाणी-सिनेमे बघायच्या साध्या प्लेअरवर लावली. तिथेही तोच घोळ. म्हणजे प्रोग्राम बिचारा निर्दोष होता. दुखणं फाइलमध्येच होतं.

आता फोनचा आजार. फोन दर सेकंदाला तेवढीच चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला की हात आखडतो, वाढला की सैल सोडतो. प्रोग्राम मात्र सगळं एका मापाचं धरून चालतो. म्हणून आवाज आणि ओठ हळूहळू एकमेकांपासून लांब जातात. हे सरांनी वर्गात इतक्या वेळा सांगितलं होतं की पोरं त्यांची नक्कल करायची.

हळूहळू. तो शब्द मनात आला आणि ते थबकले.

त्यांनी फीत सुरुवातीपासून लावली. वॉचमनने घसा खाकरला. ओठ आणि आवाज बरोबर. "दाराला कुलूप होतं." बरोबर. "आत माणसं होती." बरोबर, अगदी केसाचाही फरक नाही. आणि पुढच्याच वाक्याला आवाज एकदम पुढे. तिथून शेवटपर्यंत तो तेवढाच पुढे राहिला, ना कमी ना जास्त. शेवटी तर वॉचमन अजून बोलतच होता आणि आवाज संपून गेला होता.

सरांनी तेवढा भाग पुन्हा लावला. आजाराने आवाज घसरतो. इथे आवाजाने उडी मारली होती. आवाज स्वतःहून उडी मारत नाही. आवाजातला मधला तुकडा कुणीतरी काढून घेतला होता; चित्र तसंच ठेवलं होतं, कारण चित्रातला काप डोळ्याला लगेच दिसतो.

४

"मी नाही," आवाजवाला म्हणाला, अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

ध्वनिमुद्रण करणारा हा माणूस गॅलरीत चहा पीत उभा होता. त्याचं आणि दिग्दर्शिकेचं बिनसलेलं आहे, हे सरांना जिना चढतानाच कळलं होतं. दोघं एकमेकांशी तिसऱ्यामार्फत बोलत होती.

"फोनवरून फाइल तुम्हीच उतरवलीत ना?"

"उतरवली, आणि फोन रिकामा केला. ताईंनीच सांगितलं, फोनमध्ये जागा नाही म्हणून. आता आवाज बिघडला की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. चित्र बिघडलं की कुणी कॅमेऱ्याकडे बघतं का?"

"तुमचं नाव श्रेयनामावलीत खाली टाकलं म्हणे."

"खाली? ड्रायव्हरच्या नंतर! तोही चांगला माणूस आहे, पण..." तो हसला. "सर, रागावलोय मी. पण रागाने मी काम सोडून जाईन, मेलेल्या माणसाचा गळा नाही कापणार."

"एक सांगा. प्रोग्राम अडला की तुम्ही काय करता?"

"कॅश उडवतो. सगळं डिलीट. वर कचऱ्याची पेटीही रिकामी."

दिग्दर्शिकेचा थोरला भाऊ खाली गाडीत बसला होता. फिल्मला पैसा त्याचा. सगळे त्याला दादा म्हणत. गिरणीमालकाच्या मुलाकडून त्याला बांधकामाची कामं मिळतात, हे त्याने लपवलं नाही.

"वॉचमनचा तो भाग काढून टाका, असं मीच म्हटलं. आजही म्हणतो. उगाच जुनी राख कशाला उकरायची?"

"म्हणून तुम्ही ती फाइल..."

"मी?" दादा खो खो हसला. "सर, मी कॉम्प्युटरला हात लावला तर घरी मुलगी ओरडते. मला ती फिल्म चालूसुद्धा करता येत नाही. तुमची ती मुंगी मात्र हुशार. तिने तोडगा काढलाय. म्हणाली, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर गिरणीचे जुने फोटो टाकू. ओठच दिसले नाहीत तर जुळायचा प्रश्नच कुठे? फक्त सर एकदा म्हणू देत की हा सॉफ्टवेअरचा दोष आहे. मग माझी बहीण ऐकेल."

गाडीच्या काचेत सरांना स्वतःचा चेहरा दिसला. तोडगा उत्तम होता. फोटोंखाली ती उडी कायमची गाडली गेली असती.

५

जिना चढताना त्यांनी स्वतःला चार शिव्या दिल्या. पोरीने अडचणीतून वाट काढली यात वाईट ते काय? आपणच असल्या वेळी फोटो टाका म्हणून शिकवलं नव्हतं का? वय झालं की माणूस संशयी होतो. आपलं काहीतरी चुकत असणार.

ते पुन्हा खुर्चीत बसले आणि कानाला हेडफोन लावले. आता त्यांनी वॉचमनकडे लक्षच दिलं नाही. त्याच्या घरात पंखा होता, जुना, दर फेऱ्याला टक् करणारा. टक्... टक्... टक्... अगदी ठेक्यात. "आत माणसं होती." टक्-टक्. दोन ठोके एकमेकांवर आदळले आणि पुन्हा ठेका सुरू झाला.

काप तिथेच होता. आणि तो आवाजवाल्याचा नव्हता. असल्या माणसाला झोपेत कापायला लावलं तरी तो पंख्याचा ठोका सांभाळून कापेल. कापणाऱ्याने शब्द बघितले होते, पंखा ऐकला नव्हता. चित्रावर जीव असलेलं माणूस असंच कापतं.

दादाला येत नाही. आवाजवाला असं कापत नाही.

हरवलेलं बोलणं सापडायची एक आशा मात्र होती. कॅश साफ करणं म्हणजे प्रोग्रामने स्वतःसाठी बनवून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली काढून टाकणं. जड चित्रण भराभर चालावं म्हणून प्रोग्राम त्याच्या हलक्या प्रती करतो. चित्र धूसर, पण आवाज सगळा. त्याही तिथेच असतात. आवाजवाला म्हणाला तसं जगातला प्रत्येक माणूस तो कप्पा पुसून टाकतो.

प्रत्येक माणूस, सरांच्या वर्गातली मुलं सोडून. त्यांनी त्यांना एक खोड लावली होती. काहीही फेकू नका. कप्प्याचं नाव बदला, 'आधीचं' असं लिहा, बाजूला ठेवा. काम बिनबोभाट झालं, तरच मग पुसा. दुसऱ्या शाळांतली मुलं याला हसायची.

सरांनी कप्पे उघडायला सुरुवात केली. मनात ते एकच म्हणत होते: नसू दे. रिकामं असू दे.

कोपऱ्यात एक कप्पा होता. नाव 'आधीचं'.

६

त्यांनी मुंगीला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बस, मुंगे. एक हलकी प्रत सापडलीय. दोघं मिळून ऐकू."

ती बसली नाही. पडद्यावरचं कप्प्याचं नाव तिने वाचलं आणि भिंतीला टेकली.

चित्र धूसर होतं, पण वॉचमनचे ओठ आणि आवाज एकत्र होते.

"दाराला कुलूप होतं. आत माणसं होती. किल्ली माझ्यापाशी नव्हती. सुपरवायझरसाहेब दुपारीच घेऊन गेले होते. ते उंच, डाव्या पायाने लंगडणारे. म्हणाले, माल चोरीला जातोय, दार उघडायचं नाही. आग लागल्यावर मी त्यांच्या घराकडे धावत माणूस पाठवला, आणि दाराला धडका देत मी तिथेच उभा राहिलो."

टक्... टक्... टक्... पंखा आपल्या ठेक्यात फिरत राहिला.

सरांनी नकळत आपल्या सदऱ्याची बाही चाचपली. जाडं, निळसर कापड. कितीही धुतलं तरी विटलं नव्हतं. मुंगी पहिल्या नंबराने पास झाली तेव्हा तिचे वडील ते घेऊन आले होते. उंच माणूस. सरांचा जिना चढताना डावा पाय ओढत होता. "आमच्या गिरणीचं आहे, सर. नाही म्हणू नका."

सरांनी नाही म्हटलं नव्हतं. कुठली गिरणी हेही विचारलं नव्हतं.

"बाबा अंथरुणाला खिळलेत," मुंगी म्हणाली. "तोंडात घास मी भरवते. सर, ते वाईट नाहीत. त्यांना वरून हुकूम होता. चौकशीत घाबरले आणि गप्प राहिले. एकदा गप्प राहिले ते राहिलेच. ही फीत ऐकेपर्यंत मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ."

"आणि ऐकल्यावर?"

"मी रात्रंदिवस विचार केला. वॉचमन तर गेले. त्यांना आता काय फरक पडतो?"

"बाहेर त्यांची बायको बसलीय, तिला विचार."

तिने दाराकडे बघितलं. सरांनी विचारू नये असं ठरवलं होतं, तरी तोंडातून निघालंच, "मग मला का बोलावलंस, पोरी? ताईंना तूच सांगून मोकळी झाली असतीस."

"ताईंचा माझ्यावर विश्वास आहे, पण तुमच्यावर जास्त आहे. तुम्ही सॉफ्टवेअरचा दोष म्हणालात की कुणी पुन्हा विचारणार नाही."

"आणि मी म्हणेन असं तुला वाटलं."

"तुमचा माझ्यावर जीव आहे, सर." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मला वाटलं, मी आजाराचं नाव सांगितलं की तुम्ही दुसरं काही शोधणार नाही."

सरांना वाटलं, ही रागाने काही बोलली असती तर बरं झालं असतं. त्यांच्या ज्ञानाला ती फसवू बघत नव्हती. त्या ज्ञानाची तर तिला भीतीच होती. तिने हिशेब धरला होता तो त्यांच्या मायेचा. साधा, सरळ, वर्गातल्यासारखा हिशेब. आणि तो जवळजवळ बरोबर आला होता. पहिल्या नजरेला ते "दिसतोय खरा" म्हणूनही गेले होते.

"मूळ फाइल तू पुसलीस. मग हा कप्पा का नाही पुसलास?"

मुंगीने आपल्या हातांकडे बघितलं. ते दुसऱ्याचे असावेत तसं. "ताईंना दाखवायला कॅश साफ केली. हात आपोआपच तसे चालले. नाव बदललं, बाजूला ठेवलं. त्यात हलक्या प्रती आहेत हे डोक्यातच आलं नाही." मग एकदम ती खाली वाकली. "सर, तुमच्या पाया पडते. अजून कुणी ऐकलेलं नाही. एक बटण दाबलं की संपलं. तुम्ही फक्त गप्प बसा."

माउस सरांच्या हाताखाली होता.

गप्प बसणं त्यांना आयुष्यभर जमत आलं होतं. सभांमध्ये, लग्नांमध्ये, वर्गात कुणी उद्धटपणा केला तरी. तिच्या वडिलांनाही ते असंच जमलं असेल. आधी एका दिवसापुरतं.

"उठ," ते म्हणाले. "दार उघड आणि त्या बाईंना आत बोलाव."

मुंगी उभी राहिली, पण दाराकडे गेली नाही. तेव्हा सर स्वतः उठले. गुडघे दुखत होते. त्यांनी दार उघडलं.

७

वॉचमनच्या बायकोने ते बोलणं उभ्यानेच ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा ऐकून ती स्टुलावर बसली आणि पडद्यावरच्या नवऱ्याला म्हणाली, "सांगत होते ना मी ह्या लोकांना." बाकी तिने कुणाला एक शब्द विचारला नाही.

दिग्दर्शिका मात्र सरांकडे वळली. "दोष कशाचा होता, सर?"

सरांनी मुंगीकडे बघितलं. तिने बोलावं म्हणून त्यांनी बराच वेळ दिला. आवाजवालाही दारात येऊन उभा राहिला होता.

"प्रोग्रामचा नव्हता," शेवटी सरच म्हणाले. "फोनचाही नव्हता. मधलं बोलणं कापलं होतं."

"कुणी?"

"मी," मुंगी म्हणाली. आवाज इतका बारीक की आवाजवाल्याने मान पुढे केली. "ते सुपरवायझर माझे वडील आहेत, ताई."

दिग्दर्शिकेचा हात उठला आणि तसाच खाली आला. "माझ्या घरी जेवायला बसत होतीस," ती एवढंच बोलली. मग आवाजवाल्याकडे, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच थेट, बघून म्हणाली, "ही धूसर प्रत अशीच लावायची. आवाज स्वच्छ करून द्याल?"

"पंखा ठेवतो," आवाजवाला म्हणाला. "पंखा असू दे."

सरांनी पिशवी उचलली. कार्यक्रमाला थांबा म्हणून ताईंनी आग्रह केला, पण ते नको म्हणाले. जिन्याच्या वळणावर मागून पावलं आली. मुंगीच होती. तिने कठडा धरला, पण जवळ आली नाही.

"सर, घरी गेल्यावर बाबांना काय सांगू?"

"जे ऐकलंस ते. ओठांशी जुळेल असं."

ती रडत होती. सरांना तिचे डोळे पुसावेसे वाटले आणि त्या वाटण्याचाच त्यांना संताप आला. ते पुन्हा पायऱ्या उतरू लागले.

"सर," तिने वरून विचारलं, "मला आता पुसून टाकाल तुम्ही?"

ते थांबले. सदऱ्याचं जाडं कापड पाठीला टोचत होतं. घरी जाऊन तो उतरवायचा आणि कपाटात तळाशी ठेवायचा, हे त्यांचं ठरलं होतं. पुन्हा कधी अंगात घालू का, हे त्यांना माहीत नव्हतं.

"मी काही पुसत नाही," मागे न बघता ते म्हणाले. "बाजूला ठेवतो."